एकशे अठराची दोन टोकनं

आमच्या शेजारच्या प्रबुद्धच्या डोक्यावर अकरा टाके आहेत, डाव्या गालावर दुसऱ्याच्या अंगठीचा वण आहे आणि उजवं मनगट जरा वाकडं बसलेलं आहे. माणूस पैलवान नाही, गुंड तर त्याहून नाही. अवसरी बुद्रुकच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या फाट्यावर त्याचं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि कॉम्प्युटर दुरुस्ती. दुकानाला लागून माझी पिठाची गिरणी. माझ्या धान्याच्या काट्यावर त्याचं वजन एकावन्न किलो भरतं, ते पण मोबाइल खिशात ठेवून. एवढ्याशा अंगावर एवढा मार मावला कसा, हे मलाच विचारा. मधल्या भिंतीला कान लावून मी बरंच ऐकलंय, आणि जे ऐकायचं राहिलं ते त्याच्या आईनं, जानकाबाईंनी, बाजरी दळायला आणली की सांगितलंय.

ह्या सगळ्या माराचं मूळ म्हणजे एक वेबसाइट.

आमच्या यात्रेत बैलगाडे पळतात. चढणीचा घाट, गाड्याला चार बैल, वर निशाण, बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. पण त्या सेकंदांपेक्षा जास्त रक्त सांडतं ते बारीच्या, म्हणजे पळायच्या पाळीच्या, नंबरावरून. पहिल्या पन्नास बाऱ्यांना घाट टणक असतो. दोनशे गाडे पळून गेले की मातीचा फुफाटा होतो, बैलाचा खूर आत रुततो, मग शंकराचा नंदी आणून जुंपला तरी तो तेरा सेकंदांत वर जायचा नाही. म्हणून कितवी बारी हा प्रश्न आमच्याकडं पोरीच्या स्थळापेक्षा मोठा.

पूर्वी बारीची यादी यात्रा कमिटीचे अध्यक्ष दादाभाऊ आपल्या लाल डायरीत करायचे. पहिले दहा नंबर कुणाचे हे डायरी न उघडता सांगता यायचं. दोन त्यांचे, तीन मेव्हण्याचे, उरलेले ज्यांनी मतं दिली त्यांचे. त्यामुळं यात्रा म्हटलं की काठ्या, साखळ्या आणि दगड. एका वर्षी गेणू म्हातारा "अरं जाऊ द्या" म्हणत मधे पडला, तर चाबकाचं टोक डोळ्यात गेलं. डोळा गेला तो गेलाच. पोलिसांनी जबाब घेतले तेव्हा घाटावरच्या तीन हजार माणसांपैकी एकानंही काही बघितलेलं नव्हतं. गेणू म्हणाला, "मी तरी कसं बघणार साहेब, बघायचाच डोळा गेला."

तेव्हा प्रबुद्ध कमिटीला पावत्या छापून द्यायचा. तो म्हणाला, "नोंदणी साइटवर घेऊ. गाड्याला टोकन नंबर देऊ. सोडत यंत्र काढंल. यादीत नाव न्हाई, नुसतं टोकन. कुणाचा गाडा कोणता, हे यंत्राला कळायचंच न्हाई." पोलिसांनी घाटाची परवानगी बंद करायचा दम दिला होता म्हणून कमिटीनं मान डोलावली. दादाभाऊंनी पण डोलावली, पण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. पुढची दोन वर्षं नंबरावरून एकही डोकं फुटलं नाही. सेकंदांवरून फुटली, पार्किंगवरून फुटली, एक तर जिलेबीवरून फुटलं, पण नंबरावरून नाही.

मग आलं गेलं वर्ष. साइट होती एका सामायिक सर्व्हरवर, म्हणजे एका नळावर अख्खी आळी. सोडतीच्या संध्याकाळी सहाला तीन हजार फोन एकदम आले आणि साइट बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, उठायचं नाव नाही. हायवेकडच्या मळ्यातल्या अमृतच्या डोक्यात आलं, हा आत बसून नंबर बदलतोय. अमृतचे हात हंड्याएवढे, आणि डोकं तो त्याच हंड्यात कुठंतरी विसरलेला. जुवाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेशी अडकवायची लाकडी खुंटी, उपसून तो दुकानात शिरला. मला भिंतीतून एक शिवी ऐकू आली आणि मग नारळ फुटल्याचा आवाज. गिरणीत गहू होते, ते संपवून मी पळत गेलो. प्रबुद्ध टेबलाखाली, कीबोर्डवर रक्ताचं थारोळं, आणि हा एका हातानं डोकं धरून दुसऱ्या हातानं बटणं दाबतोय. म्हणतो, "अमृतभाऊ, दोन मिनिटं, चालू व्हतीय." चाळीस मिनिटांनी चालू झाली. टाके त्यानंतर पडले.

मंचरच्या दवाखान्यात दादाभाऊ केळी घेऊन भेटायला आले. सोलून एक स्वतः खाल्लं आणि म्हणाले, "फुडच्या साली एकदा जरी साइट बंद दिसली, तर यादी माझ्या डायरीत. मग तू बी मोकळा आन तुझं टाळकं बी मोकळं."

प्रबुद्धला टाळक्याची काळजी नव्हती. डायरी परत उघडू द्यायची नाही, एवढंच काय ते त्याच्या डोक्यात टाक्यांसकट शिवलं गेलं.

वर्षभरात त्यानं एक अख्खा सर्व्हर साइटसाठी घेतला. मी विचारलं, "म्हंजे काय केलंस?" तर म्हणाला, "तुमी गिरणी जुन्या गाळ्यातनं हितं आणली तवा काय झालं?" काय होणार, महिनाभर बाया जुन्या गाळ्यासमोर डबे घेऊन उभ्या राहायच्या. "तेच," म्हणाला. "साइटचं नाव तेच ऱ्हातं, मागचं घर बदलतं. आपण नाव टाकलं की मोबाइल कंपनी सांगती, घर कुठं हाय. पण ती कंपनी एकदा पाठ केलेला पत्ता काही वेळ डोक्यात धरून ठिवती. म्हणून आधीच सांगून ठिवायचं, पाठ फकस्त पाच मिनिटं धर, मग परत इचार." पंधरा दिवस त्यानं नव्या घरात सगळं सामान लावून, एकट्यानं राहून बघितलं. नोंदणी दर वर्षी रामनवमीला उघडते. पाडवा आणि रामनवमीच्या मधल्या गुरुवारी घर बदलायचं असं ठरलं होतं.

आणि पाडव्याच्या सकाळी दादाभाऊंनी कुणाला न विचारता घाटावर नारळ फोडला आणि भोंग्यावरनं सांगितलं, नोंदणी चालू. दुपारपर्यंत नव्वद गाडे आले. जुना सर्व्हर धापा टाकायला लागला.

प्रबुद्ध अध्यक्षांच्या गोठ्यावर गेला. मी सोबत गेलो, म्हणजे बघायला. दादाभाऊ बैलाला नळीनं अंडी पाजत होते.

"अध्यक्ष, उद्या दुपारी एक ते तीन नोंदणी बंद ठिवतो. जुन्या साइटवर पाटी लावतो, तीनला या. तेवढ्यात सगळं नव्याकडं जातंय."

"नारळ फुटलाय न्हवं?"

"तुमी फोडलाय."

"फुटल्या नारळाची नोंद मधीच थांबवत्यात व्हय? देवाच्या दारात पाटी लावणार तू?"

"दोनच तास."

"यादी कुणी करायची ह्याला बी पूर्वी एक रीत व्हती," दादाभाऊ बैलाकडं बघत म्हणाले. "ती मोडली तवा आमी गप बसलो."

प्रबुद्धचं घर बुद्धविहाराला लागून, अध्यक्षांचं घर वेशीच्या आत. ह्या वाक्याचा अर्थ गोठ्यातल्या बैलालासुद्धा कळला असेल. प्रबुद्ध म्हणाला, "रीत मोडली म्हणून गेणूबाबाचा दुसरा डोळा ऱ्हायला."

पुढचं मला दिसलंच नाही, नुसता आवाज आला. प्रबुद्ध शेणात पडलेला, गालातून अंगठीच्या आकाराचं रक्त. मी मधे पडलो असतो, पण गेणूचं उदाहरण ताजं होतं. दादाभाऊंनी हात बैलाच्या पाठीला पुसला आणि म्हणाले, "बंद दिसली की डायरी. जा आता."

घरी जानकाबाईंनी गालाला हळद भरली. त्या सत्तरीच्या, हातात काठी, पण काठी चालण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त. त्यांचं माहेर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलंय. लेकानं अडचण सांगितली तशा म्हणाल्या, "आमचं गाव उठलं तवा निम्मी माणसं जुन्या घरात भाकरी थापत व्हती आन निम्मी नव्या पत्र्याखाली. जुन्या घरी आज्यानं माझ्या बहिणीचा शबूद एकाला दिला, नव्या घरी बापानं दुसऱ्याला. एका दिशी दोन वराती दारात. कुऱ्हाडी निघाल्या. एक जण तर जन्माचा लंगडा झाला. आधी जुनी चूल इझव, मंग नवी पेटव. मधी एक जेवान चुकलं म्हणून माणूस मरत न्हाई."

"चुकलं तर डायरी उघडती, आई."

"मंग कर तुझं तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, त्यानं घर बदललं. दहा मिनिटांत माझ्या फोनवर नवी साइट आली, अशी सुळकन की मी दोनदा उघडून बघितली. पहिल्या अर्ध्या तासात चार गाडे चुकून जुन्या घरी गेले, ते त्यानं नवी टोकनं देऊन हातानं इकडं आणले आणि चौघांना फोन करून सांगितलं. मी म्हटलं, "आता जुनं बंद कर." तो म्हणाला, "एखादा तिकडं गेला आन त्याला बंद दिसलं, तर अध्यक्षाला निमित्त मिळंल. उद्या इझवतो." उद्या गाल सुजून डोळा मिटला, दुकानात फॉर्मवाल्यांची रांग, आणि त्या उद्याचा परवा झाला. त्याच्या हिशेबानं अर्ध्या तासात सगळी माणसं नव्या घरी आलेली होती, तिकडं आता कोण जातंय.

तर तिकडं डिंभ्याच्या अंगाला एकाच कंपनीचा टॉवर आहे, आणि त्या कंपनीनं पाच मिनिटं सांगितलेला पत्ता दीड दिवस पाठ धरला. तिकडच्या एकतीस गाडेवाल्यांनी जुन्या घरी नोंदणी केली. जुन्या साइटनं त्यांना पुढचे टोकन नंबर दिले. इकडं नवी साइट तेच नंबर हायवेकडच्या गाड्यांना देत होती. एकतीस नंबर, बासष्ट मालक, आणि पत्ता कुणालाच नाही.

सोडत तर अशी झाली की विचारू नका. सहाच्या ठोक्याला तीन हजार फोन आले आणि यादी डोळ्याची पापणी लवायच्या आत. प्रबुद्ध बाहेर येऊन दोन वडापाव उभ्यानं खाऊन हसला. मी त्याला एवढं हसताना लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. तोंड पडलं होतं ते एकट्या अध्यक्षांचं.

सकाळी घाट माणसांनी फुललेला. दोन बाऱ्या झाल्या. निवेदकानं पुकारलं, "तीन नंबरची बारी, टोकन एकशे अठरा." आणि खालून दोन गाडे एकाच वेळी रेघेवर आले. एक अमृतचा. दुसरा डिंभ्याच्या रामदासचा. रामदास धरणात मासे धरणारा माणूस, बोलायला कमी आणि दंडाला जास्त.

"मागं घे रं, माझी बारी हाय," अमृत म्हणाला.

रामदासनं फोन पुढं केला. एकशे अठरा. अमृतनं आपला केला. एकशे अठरा.

"कुठनं छापून आणलास?"

"जिथनं तू आणलास."

अमृतनं फोनवरच बुक्की मारली. फोन रामदासच्या तोंडात गेला आणि एक दात बाहेर आला. रामदासनं दात थुंकला, वाकून बैलाचा कासरा उचलला, अमृतच्या गळ्यात टाकला आणि जाळं ओढावं तसा त्याला फरफटत घाटावरून खाली आणला. अमृतचं तोंड जांभळं पडलं. दोन्हीकडचे बैल बुजले, एक सुटला आणि कडेच्या एका बघ्याची मांडी शिंगानं फाडून गेला. तेवढ्यात बाकीची टोकनंही जोडीजोडीनं भेटायला लागली. घाटाच्या दोन्ही अंगांना काठ्या निघाल्या. हातापायाची हाडं मोडताना ओल्या फांदीसारखा आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून विसरता येत नाही.

कुणीतरी ओरडलं, "प्रबुद्धनं नंबर इकले." झालं. निवेदकाच्या मंचावरून त्याला पाय धरून ओढला. लाथा किती पडल्या कोण मोजतंय. एक काठी त्यानं उजव्या हातावर घेतली आणि मनगट गेलं. अमृत गळ्यातला कासरा काढून शिवळ शोधत आला, तेवढ्यात बायांच्या बाजूनं जानकाबाई आल्या आणि मागून त्याच्या गुडघ्यावर अशी काठी हाणली की हंड्याएवढ्या हाताचा गडी मटकन खाली बसला.

"आधी इचार, मंग मार," त्या म्हणाल्या. "आन मी इचारत बी न्हाई."

प्रबुद्धनं मातीत बसल्या बसल्या दोघांचे फोन मागितले. दोन्ही टोकनं बघितली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला कळलं. दादाभाऊ खाली वाकले. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकलं.

"डिंभ्याकडची टोकनं खोटी हायती म्हण. ती माणसं सांजच्याला टेम्पोत बैल घालून जात्याल. तू वाचशील."

प्रबुद्धनं डाव्या हातानं माइक घेतला. "दोन्ही टोकनं खरी हायती," तो म्हणाला. "चूक माझी. साइट नव्या सर्व्हरवर नेली आन जुनी बंद केली न्हाई. दोन्हीकडं नोंद झाली. सोडत परत काढावी लागंल. सगळ्यांची."

ज्यांना चांगले नंबर लागले होते ते आता उठले. एक दगड त्याच्या कानाला लागला, दुसरा माझ्या पाठीला, आणि मी काय केलं होतं? दादाभाऊंनी माइक ओढला. "ऐकलं? म्हणून यादी माणसानंच करायची असती." आणि बंडीतून लाल डायरी काढून वाचायला लागले. त्या घटकेला लिहीत बसले असते तर वेगळी गोष्ट. यादी आधीच तयार होती, शाई वाळलेली. पहिली बारी त्यांची स्वतःची. दुसरी मेव्हण्याची.

अमृत गुडघा धरून खाली बसलेला. त्यानं विचारलं, "माझी कितवी?"

दादाभाऊंनी पानं उलटली. बरीच उलटली. "दोनशे नव."

रामदास तोंडातलं रक्त पुसत म्हणाला, "आन माझी?"

"डिंभ्याकडचं मागनं बघू."

रामदासनं अमृतकडं बघितलं. अमृतनं रामदासकडं बघितलं. मग रामदासनं हात दिला आणि अमृत उठला.

त्यानंतर फेटा एका दिशेला आणि अध्यक्ष दुसऱ्या दिशेला असं झालं. रामदासनं मागून दोन्ही हात धरले आणि अमृतनं समोरून हिशेब केला. मेव्हणा साखळी घेऊन धावला, त्यानं रामदासचं कपाळ फोडलं, पण रामदासनं हात सोडले नाहीत. दादाभाऊंच्या वरच्या ओळीचे चार दात गेले आणि नाक जे डावीकडं वळलं ते आजही मंचरकडंच बघतं. डायरीची पानं बैलांनी तुडवली. पोलीस आले तेव्हा सगळ्यांचे हात दुखून आपोआप थांबत आले होते. साहेबांनी जखमी बघितले, घाट बघितला आणि म्हणाले, "अर्ध्या तासात सगळ्यांना मान्य होईल अशी यादी दाखवा, नाहीतर घाट बंद. कायमचा."

मी माझ्या टॉवेलनं प्रबुद्धचं मनगट बांधलं. त्यानं पहिल्यांदा जुनी साइट मारली. डिंभ्याच्या एका माणसाच्या फोनवर जुन्या घराचा आकडी पत्ता टाकून सगळ्यांना दाखवली, येत नाही म्हणून. मग एकतीस गाड्यांना नवी टोकनं दिली. तो सांगत होता आणि मी एका बोटानं टाइप करत होतो, त्यामुळं साहेबांच्या अर्ध्या तासाचा तास झाला.

"यंत्र बी त्याचंच की," मागून कुणीतरी बोललं. "बटण कोण दाबणार?"

प्रबुद्धनं फोन अमृत आणि रामदासपुढं धरला. "तुमी दोघं दाबा. संगट."

दोघांनी रक्ताळलेले अंगठे एकाच बटणावर टेकवले. काच पुसावी लागली, मग यादी दिसली. रामदासची सतरावी बारी. दादाभाऊंच्या गाड्याची चौसष्टावी, पण दादाभाऊ तोपर्यंत दवाखान्यात पोचलेले.

अमृतची दोनशे एकतिसावी.

आसपासची माणसं चार पावलं मागं सरली. सगळ्यांची नजर अमृतच्या हातांवर. प्रबुद्धनं डोकं खाली घातलं, जानकाबाईंनी काठी नीट धरली. अमृतनं यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. मग स्वतःचा अंगठा उलटसुलट करून बघितला, आता मारायचं तर कुणाला असं तोंड करून. निवेदकानं पुन्हा पहिल्या बारीचं टोकन पुकारलं. खालच्या अंगाला गाडा जुंपायला लागले, कुणी भांडलं नाही.

अमृतनं बैल सोडले, बाभळीच्या सावलीला बांधले आणि लंगडत परत आला.

"मनगट लोंबतंय तुझं," तो प्रबुद्धला म्हणाला. "चल, मंचरला सोडतो. टेम्पो रिकामा हाय, आन माझी बारी यायला लई टाइम हाय."